बेटाचं नाक

अबकरचं नाक दिसायला काही फार नव्हतं. बसकं, उन्हानं रापलेलं आणि तरुणपणी डोलकाठीचा फटका बसून जरासं डावीकडे कललेलं. पण आमच्या फरसान बेटावर त्या नाकाला जो मान होता, तो भल्याभल्यांच्या पांढऱ्या दाढीला नव्हता. थंडी सरून वारा फिरला की वर्षातून एकदा हरीद मासे झुंडीच्या झुंडीनं आमच्या उथळ खाडीत शिरतात. ते यायच्या आदल्या संध्याकाळी समुद्राला एक वेगळाच वास सुटतो. त्या दिवसांत बेटावरचा एकच माणूस असरच्या, म्हणजे दिवस कलतानाच्या, नमाजानंतर कड्यावर जाऊन उभा राहतो आणि वास आला की हाळी देतो. हाळी ऐकली की पुरुष जाळी काढतात, बायका पीठ मळायला घेतात, आणि पूर्वी तर लग्नाचे दिवसही त्या हाळीवरूनच धरत. दुसऱ्या कुणाला आधी वास आलाच तरी तो गप्प बसतो. हाळीचा मान एकाच नाकाचा. अबकरच्या आधी तो त्याच्या बापाचा होता.

आणि ते नाक मेलं होतं.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात तापाची साथ आली, तिच्यात अबकर आडवा झाला. उठला त्या सकाळी बायकोनं, मस्तूरानं, कॉफीचा पेला हातात दिला, तर पेल्यात नुसतं गरम पाणी असल्यासारखं. ना वेलदोडा, ना आलं. त्यानं सुकी मासळी नाकाशी धरून पाहिली. मग होडीतला डिझेलचा डबा उघडून त्यात तोंड घातलं. काही नाही. चार दिवसांत येईल परत, म्हणून वाट पाहिली. महिने गेले. अंगणात मोगऱ्याचा मांडव फुललेला आणि हा त्याच्याखाली बसून भिंतीकडे बघतोय. सांगणार कुणाला? ज्याला सगळं बेट 'आमचं नाक' म्हणतं, त्यानं नाक गेल्याचं सांगायचं म्हणजे उरलंसुरलं आपल्या हातानं कापून घ्यायचं.

गेल्या वसंतात तर त्याला धडकीच भरली होती. पण तेव्हा एक गोष्ट घडली. मस्तूराच्या गळ्यात बाराही महिने मोगऱ्याचा गजरा असतो, आमच्याकडच्या सगळ्याच बायकांच्या असतो. वर्षातून एकच संध्याकाळ ती तो उतरवते. हरीदचा वास सुटला की त्याच्यापुढे दुसरा वास अंगावर नको, असं तिच्या आईनं तिला शिकवलेलं. इतकी वर्षं तो उतरवलेला गजरा ती आतल्या खोलीत ठेवायची. गेल्या वर्षी अबकर कड्यावर जायला निघाला आणि पाहतो तर गजरा बाहेरच्या दाराच्या खिळ्यावर टांगलेला. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो कड्यावर गेला, चार श्वास घेतल्याचं नाटक केलं आणि हाळी ठोकली. सकाळी खाडी माशांनी पांढरी झाली होती.

बायकोला पत्ता लागू न देता तिच्याच गजऱ्यावरून आपण वेळ मारून नेली, या हुशारीवर तो वर्षभर मनातल्या मनात खूश होता. पुरुषांची हुशारी ही अशी असते.

त्याच सुमाराला आमच्या देशानं दारं उघडली. तोवर बाहेरचा माणूस यायचा तो हजला किंवा पोटापाण्याला. आता म्हणे नुसतं बघायला येणाऱ्यालाही परवाना मिळणार. अबकरची लेक खुलूद पलीकडे जिझानमध्ये नांदते, तिनं बापाला न विचारता वरच्या खोलीचे फोटो काढून जगाच्या चव्हाट्यावर टाकले.

"नुसतं बघायला?" अबकर म्हणाला. "नातं नाही, धंदा नाही, मन्नत नाही. मग काय बघायला?"

"आपल्याला, अब्बा!"

"आपल्यात काय बघायचंय? शोईला बघायला कुणी विमानाचं तिकीट काढेल?"

शोई म्हणजे शेजारचा होडीवाला. जिभेला हाड नसलेला, पण मनाचा चांगला. तो तिथंच बसला होता. "मला नाही चाचा, तुमच्या नाकाला बघायला येतील," तो म्हणाला. अबकरचा हात आपोआप नाकाकडे गेला.

आणि खरंच तसंच झालं. पहिली विचारणा आली ती रीगा नावाच्या गावाहून, इल्झे नावाच्या बाईची. बाजारात तिचं धुरावलेल्या माशांचं दुकान होतं. कुठल्या कंपनीच्या टोळक्यातून नाही, एकटी, आपली आपण येणार होती. तिचे प्रश्न खुलूद फोनवरून वाचून दाखवायची आणि ते ऐकायला अर्धी गल्ली अंगणात जमायची. एकट्या बाईला बेटावर येऊ देतात का? डोकं झाकावं लागतं का? जिझानहून येणाऱ्या बोटीला खरंच काही भाडं पडत नाही, की ही थट्टा आहे? बेटावरची हरणं माणसाला मारतात का? यावर शोई इतका हसला की त्याचा चहा सांडला. मग तिनं लिहिलं, की आमच्याकडे हिवाळ्यात काठचा समुद्र गोठतो आणि लोक त्यावरून चालत जातात.

"समुद्र?" अबकर म्हणाला. "आख्खा?"

"काठाकाठानं, म्हणते."

"आणि मासे?"

"बर्फाला भोक पाडून काढतात. त्यांच्याकडचा एक मासा आहे, अब्बा. तो आला की गावभर काकडीचा वास सुटतो. लहानपणी आजोबा तिला त्या वासावरून उठवायचे. म्हणून तिला आपल्या हरीदबद्दल वाचून राहवत नाहीये. ती म्हणते, मासे बघायला जगात खूप जागा आहेत. मला तो वास सुटेल तेव्हा तिथं उभं राहायचंय."

माणसं चालतात तसल्या समुद्राकाठची एक म्हातारी होत आलेली बाई आपल्या खाडीच्या वासासाठी झुरतेय, हे काही कुणाच्या पचनी पडेना. अबकरला ती एकदम जवळची वाटली, आणि त्याच क्षणी तिची भीतीही वाटली.

कारण पुढचा प्रश्न होता, कोणत्या दिवशी?

आता बेटावर हा प्रश्न कुणी विचारत नाही. वास सुटेल तेव्हा सुटेल. देवाच्या मुठीतलं आधी सांगू नये, असा आमचा रिवाज आहे. अबकरनं एवढंच म्हणायला हवं होतं. पण शोईनं काडी टाकली. "सांगा की चाचा! एवढं मोठं नाक, एक तारीख नाही सांगू शकत? का आता वय झालं?"

मर्मावर बसलं. "वय तुझ्या बापाचं झालं!" अबकर उसळून म्हणाला. "लिही गं, खुलूद. पौर्णिमेनंतरचा पहिला बुधवार."

सगळे चमकले. मस्तूरा चुलीपाशी होती. तिनं नवऱ्याकडे एकदा नुसतं पाहिलं आणि पुन्हा भाकरी थापू लागली. पण तीर सुटला होता. त्या एका बुधवारावर त्या बाईनं दुकान बहिणीवर सोपवलं, परवाना काढला, जेद्दापर्यंतचं विमान आणि पुढची बस ठरवली.

आणि संकट एकटं कधी येत नाही. खुलूदचे दिवस भरत आले आणि डॉक्टरांनी तारीख दिली ती नेमकी त्याच आठवड्यातली. मस्तूरा जिझानला जाणार. म्हणजे या वर्षी खिळ्यावर गजरा टांगायला घरात कुणीच नाही.

जायच्या दिवशी ती बोचकं बांधता बांधता बजावत होती. "पाहुणी शोईच्या आईकडे झोपेल. घरात बाईमाणूस नसताना इथं नको. तिला रोज सकाळी मोगऱ्याचा ताजा गजरा करून द्यायचा. विसरायचं नाही."

"गजरा? मी करू?"

"जाळं विणता की आयुष्यभर! फुलं ओवायला काय जड जातंय? आणि कड्यावर जाताना तिला बरोबर न्यायचं."

"कड्यावर कुणी यायचं नसतं, मस्तूरा. नियम आहे."

"नियम बेटावरच्यांना. पाहुण्याला कसला नियम? ती काय माझे लाडू खायला येतेय?" आणि मग दारातून वळून, "अहो खुलूदचे अब्बा, गजरा ताजाच हवा हं. शिळ्याला वास नसतो."

अबकरनं मान डोलावली. ताजा काय अन् शिळा काय, त्याला सारखाच होता.

इल्झे आली ती पाठीवर भलंमोठं गाठोडं घेऊन, उन्हानं टोमॅटोसारखी लाल होऊन, आणि बोटीवरून उतरल्या उतरल्या डोळे मिटून तिनं असा काही श्वास ओढला की धक्क्यावरचे हमालसुद्धा थांबले. हातात फोन. ती त्यात आपल्या भाषेत बोलायची आणि फोन आमच्या भाषेत बोलायचा, पण बातम्या देणाऱ्याच्या थाटात.

"आदरणीय गृहस्थ," फोन म्हणाला, "या जागेचा गंध अत्यंत विपुल आहे."

"हिला म्हणावं, ती शोईची होडी आहे," अबकर म्हणाला. फोननं ते सांगितलं असावं, कारण ती खदखदून हसली. त्या हसण्यावर अबकरचा निम्मा जीव भांड्यात पडला. उरलेला निम्मा बुधवारात अडकला होता.

रोज पहाटे हा आडदांड माणूस मोगऱ्याखाली बसून कळ्या ओवायचा. बोटांना सवय जाळ्याच्या जाड दोऱ्याची, कळ्या चुरगळायच्या. शोईची आई हसून हसून बेजार. पण इल्झे तो गजरा दिवसभर उतरवायची नाही. तो घालून ती भाकरी थापायला बसली, तुपामधात कालवलेली केळ्याची मरसा बोटं चाटत खाल्ली, खारफुटीत हरणं पाहून त्यांच्याहून जास्त घाबरली. आणि असर झाली की अबकरच्या मागोमाग कड्यावर.

बुधवार आला. संध्याकाळी सगळं बेट दारात कान टवकारून बसलेलं. अबकर कड्यावर उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला. वारा लागला, ओल लागली, मीठ ओठांवर लागलं. वास नाही. आणि वास नाही म्हणजे तो सुटलाच नाही, की सुटलाय आणि आपल्याला कळत नाही? हे कसं ठरवायचं? समोर एवढा मोठा समुद्र काहीतरी बोलतोय आणि आपण ठार बहिरे, असं त्याला वाटलं. त्यानं हाळी दिली नाही. वळून आला.

"काय चाचा, बुधवार सरला की!" शोई म्हणाला. "माशांना सांगायचं राहिलं वाटतं?"

गुरुवारही तसाच गेला. त्या संध्याकाळी शोईनंही थट्टा केली नाही, आणि अबकरला ते जास्त लागलं. शनिवारी सकाळच्या बोटीनं इल्झे परतणार होती, तिकीट बदलण्यासारखं नव्हतं. रात्रीच्या जेवणावर तिनं फोन पुढे केला. "आपण दुःखी होऊ नये. समुद्र कोणाचा नोकर नाही." अबकरनं हातातला घास ताटात परत ठेवला. ही बाई गोठलेल्या समुद्राकाठून आपल्या एका शब्दावर निघाली. आपण तो शब्द दिला कशावर? शोईला गप्प बसवायला.

शुक्रवारी मस्तूराचा फोन आला. नात झाली होती. बाळ-बाळंतीण खुशाल. "इथं तिची सासू आहे सांभाळायला. उद्या दुपारच्या बोटीनं येते," ती म्हणाली. मग, "गजरा दिला ना तिला आज?"

"दिला, दिला! एक मोगऱ्याचं धरून बसलीस!"

संध्याकाळी ते दोघं पुन्हा कड्यावर गेले. ऊन उतरलं होतं, खाडी तव्यासारखी सपाट. अबकरनं मनाशी ठरवलं होतं, की आज परतल्यावर मशिदीच्या ओट्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. बाबांनो, दुसरं नाक शोधा. त्यानं शेवटचा म्हणून श्वास घेतला. काही नाही. बापाची आठवण आली, तो याच खडकावर उभा राहायचा. अबकरचे डोळे भरून आले आणि ते पाहुणीला दिसू नयेत म्हणून त्यानं तोंड फिरवलं, तर इल्झे बसल्या जागेवरून उभी राहिली होती.

ती हलत नव्हती. मान किंचित वर. मग तिनं दोन्ही हातांनी गळ्यातला गजरा काढला, लांब नेऊन एका खडकावर ठेवला आणि पुन्हा समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

अबकरनं त्या गजऱ्याकडे पाहिलं. बायको नाही, घर नाही, खिळा नाही, पण खूण तीच. फोनकडे हात करून विचारावं, असं क्षणभर मनात आलं. विचारलं नाही. खोटं ठरलं तर सगळं बेट आयुष्यभर हसणार होतं. त्यानं दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले आणि बापानं शिकवलेली हाळी दिली, लांब, चढत जाणारी, श्वास संपेपर्यंत.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग खालून कुणीतरी बाईनं उत्तराची आरोळी दिली. मग दुसरीनं. मग शोईचा आवाज, "आला! या अल्लाह, आला!" आणि गल्ल्यागल्ल्यांतून दारं उघडल्याचे आवाज येऊ लागले.

सकाळी खाडीत जे दिसलं ते अबकरनं जन्मभर पाहिलं आहे, आणि दर वर्षी तो त्याच्यापुढे बैलासारखा खुळावून उभा राहतो. आधी लांबवर पाण्याला एक पांढुरका डाग पडला. तो डाग सरकू लागला. जवळ आला तसं त्यातून हिरवं, निळं, गुलाबी असं काहीतरी उसळायला लागलं आणि मग एकेक पोपटासारखी चोच दिसू लागली. कोण यांना बोलावतं? खोल समुद्रातून याच खाडीची वाट कोण दाखवतं? माणसं गुडघाभर पाण्यात जाळं धरून उभी होती आणि म्हातारेकोतारेसुद्धा एक शब्द बोलत नव्हते. मग अबकरनं हात वर करून इशारा दिला आणि सगळं बेट ओरडत, धडपडत, एकमेकांवर पडत पाण्यात घुसलं. इल्झे सगळ्यांच्या पुढे होती. तिनं एक मासा दोन्ही हातांत धरला, नाकाशी नेला, त्याचं चुंबन घेतलं आणि पाण्यात सोडून दिला. शोई कपाळावर हात मारून म्हणाला, "एवढ्या लांबून आली आणि हातातला सोडला!"

सकाळची बोट सुटायला थोडाच वेळ होता. धक्क्यावर ती ओल्या कपड्यांनीच उभी. तिनं फोन तोंडाशी धरला, बरंच बोलली.

"आदरणीय गृहस्थ," फोन म्हणाला, "मी आपली ऋणी आहे. कृपया आपल्या पत्नीस कळवावे, की मी तिचे सांगणे पाळले."

"कुठलं सांगणं?"

"प्रवासाची आखणी चालू असताना तिने मला फोन केला होता. भाषांतर याच यंत्राने केले. ती म्हणाली, माझ्या नवऱ्याबरोबर कड्यावर जा. समुद्राचा वास बदलला, तर काही बोलू नकोस. काही विचारू नकोस. फक्त फुले उतरव. त्यांना समजेल. मी विचारले, असे का? ती म्हणाली, आमच्याकडे अशीच पद्धत आहे."

बोट गेली. अबकर धक्क्यावरच बसून राहिला. लोक मासे घेऊन येत होते, सलाम करत होते, "नाकाला नजर न लागो, चाचा!" म्हणत होते, आणि तो नुसता मान हलवत होता. बाहेरच्या दाराचा खिळा त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. एवढी वर्षं गजरा आत असायचा. गेल्या वर्षीच बाहेर आला, आणि तो नेमका आपल्या तोंडासमोर. आपण स्वतःला केवढा शहाणा समजलो! तिनं सगळं ओळखलं होतं, आणि एका शब्दानं आपला मान दुखावू दिला नाही. मग समुद्रापलीकडे जाताना स्वतःच्या जागी रीगाची बाई उभी करून गेली. सकाळी खाडीपुढे तो जसा उभा होता तसाच तो आता या गोष्टीपुढे बसला होता, तोंड उघडं ठेवून.

दुपारच्या बोटीनं मस्तूरा आली. हातात बोचकं, गळ्यात जिझानच्या बाजारातला जाड गजरा, मध्ये केवड्याची पात खोवलेली.

"नात अगदी तुमच्यावर गेलीय," ती उतरता उतरता म्हणाली. "नाक सोडून, अल्लाहची कृपा. पाहुणी गेली? मासे आले म्हणे! अहो, असे काय बघताय?"

अबकरनं तिच्या हातातलं बोचकं घेतलं आणि खाली ठेवलं.

"मस्तूरा," तो म्हणाला, "तुझ्या गजऱ्याचा वास कसा येतोय गं?"

ती थबकली. आजूबाजूला हमाल, टोपल्या, आरडाओरडा. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले, पण बोलली ती नेहमीच्याच आवाजात.

"इतके दिवस लागले होय विचारायला?" ती म्हणाली. "बसा इथं. डोळे मिटा. सांगते."

तो बसला. त्यानं डोळे मिटले.

"आधी केवडा. तिखटसर आहे, कापलेल्या गवतासारखा. मग मोगरा, तो जरा कोमेजलाय, म्हणून जास्तच गोड. मग बाळाच्या अंगाचं तेल, माझ्या हातांना अजून आहे." ती थांबली, वाऱ्याकडे मान वळवून तिनं गळ्यातला गजरा उतरवला. "आणि ह्या सगळ्याच्या खाली, अजून थोडासा, कालचा समुद्र."